पोट भरलेला मासा

इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिकारी मासे धरायला जाणारा माणूस बहुतेक वेळा रिकाम्या हाताने घरी येतो. फोनवर फिरणारे फोटो पाहून मात्र भलताच समज होतो. दोन्ही हातांत न मावणारा पाईक, काटेरी पंख फुलवलेला पर्च, काचेसारख्या डोळ्यांचा झँडर, आणि मागे हसणारा माणूस. त्या फोटोच्या आधीचे आणि नंतरचे कोरडे दिवस कोणी टाकत नाही. इथले लोक अशा दिवसाला ‘ब्लँक’ म्हणतात आणि विषय संपवतात. मला तो संपवावासा वाटत नाही. त्या दिवसांचा त्रास खरा असतो, आणि मोठा मासा इथे का होतो याचं कारणही त्याच दिवसांत दडलेलं आहे.

आधी पाण्याविषयी. क्षेत्रफळाने हा इंग्लंडमधला सगळ्यात मोठा जलाशय, सुमारे ३,१०० एकरांचा, म्हणजे साडेबारा चौरस किलोमीटर. मी लेस्टरला राहतो, तिथून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. ग्वॉश नावाच्या लहानशा नदीवर एम्पिंगहॅम गावापाशी मातीचा बांध घातला आणि १९७०च्या दशकाच्या मध्यावर इथे पाणी साठू लागलं. ग्वॉशच्या जिवावर एवढं पाणी भरणं शक्यच नव्हतं. नेन आणि वेलंड या मोठ्या नद्यांचं पाणी पंपाने उपसून इथे आणतात. मधोमध हॅम्बल्टनचा उंच भूभाग घुसलेला असल्यामुळे पाण्याचे दोन लांबलचक हात झालेत, नॉर्थ आर्म आणि साउथ आर्म. बांधाकडे खोली तीस मीटरच्या पुढे जाते. वरच्या टोकाला, एगल्टनच्या पक्षी अभयारण्याकडे, पाणी उथळ होत जातं.

नेदर हॅम्बल्टन ही वस्ती या पाण्याखाली गेली. नॉर्मंटनचं चर्च वाचलं, पण अर्धंच. खालचा भाग दगड-काँक्रीटने भरून घेतला, आतली फरशी वर उचलली आणि भोवती भराव घातला. आता ते पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. मी मूळचा भोरचा. आमच्याकडे भाटघरचं धरण, वेळवंडी नदीवरचं, शंभरीला टेकलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरेश्वराचं देऊळ वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. नॉर्मंटनसमोरून होडी नेताना दर वेळी मला ते देऊळ आठवतं. पाण्याखाली रस्ते आहेत, शेताचे बांध आहेत, विहिरी असतील. मासे धरणाऱ्याला ही माहिती भावनेपलीकडेही कामाची असते, कारण बुडालेला बांध किंवा रस्त्याची कड हीच शिकारी माशाची दबा धरून बसायची जागा.

जलाशय बांधला तो पिण्याच्या पाण्यासाठी. १९७७ पासून त्यात ट्राउट सोडून मासेमारी सुरू झाली आणि नकली माशीच्या गळाने ट्राउट धरणाऱ्यांमध्ये रटलंडचं नाव झालं. शिकारी मासे कोणी मुद्दाम आणले नाहीत. पाईक आणि पर्च हे इथल्या नद्यांचे मूळचेच रहिवासी. झँडरची गोष्ट वेगळी. हा युरोपच्या मुख्य भूमीवरचा मासा. इंग्लंडमध्ये तो १८७८ साली वोबर्न ॲबी या जुन्या हवेलीच्या तळ्यात पहिल्यांदा सोडला गेला. पण खरा पसरला तो १९६३ नंतर, ग्रेट ऊझ नदीच्या रिलीफ चॅनलमध्ये, म्हणजे पुराचं पाणी वळवणाऱ्या कालव्यात, त्याची पिल्लं सोडल्यावर. तिथून तो कालव्या-नद्यांतून पूर्व आणि मध्य इंग्लंडभर गेला, आणि जिथे नदीचं पाणी पंपाने उपसून जलाशयात आणतात तिथे पाण्याबरोबर आत शिरला. ट्राउटवाल्यांनी त्याला पाहुणा म्हणून कधीच मानलं नाही. पाईकला तर त्याहून नाही. अनेक ट्राउट-जलाशयांत वर्षानुवर्षं जाळी लावून पाईक मारले गेले. आज चित्र बदललंय. ट्राउटच्या मासेमारीचा जोर ओसरला की शिकारी माशांसाठी पाणी खुलं होतं आणि आमच्यासारखे लोक होड्या घेऊन उतरतात.

आता दिवस कसा जातो ते सांगतो.

सकाळी धक्क्यावर परवाना, लाइफ जॅकेट, होडीचं इंजिन. जोडीदार एक निवृत्त इंग्रज गृहस्थ, उभं आयुष्य रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये गेलेलं. कमी बोलतो, पण वारा बरोबर ओळखतो. नैर्ऋत्येचा वारा असला तर नॉर्थ आर्मच्या आडोशाला जायचं की उघड्यावर लाटांत जायचं, हा पहिला प्रश्न. मग होडी वाऱ्यावर आडवी सोडायची आणि ड्रोग पाण्यात टाकायचा. ड्रोग म्हणजे कापडाची पिशवी, पाणी भरून फुगते आणि होडीला मागे ओढून धरते. ती नसली तर होडी वाऱ्याबरोबर इतकी पळते की गळ तळाला टेकतच नाही. वजनदार डोक्याचा गळ, त्यावर बोटभर-वीतभर लांबीचा रबरी मासा, पुढे पोलादी तारेचा तुकडा, कारण पाईकचे दात साध्या दोरीला क्षणात कापतात. गळ तळाला पोचला की दोरी सैल पडते. मग रॉडचं टोक थोडं उचलायचं, परत सोडायचं. उचलायचं, सोडायचं. डोळे दोरीवर, बोट दोरीवर.

आणि काहीच होत नाही.

एक ड्रिफ्ट, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहत जाण्याची एक फेरी, संपली की इंजिन सुरू करून परत वर जायचं आणि थोडं बाजूला सरकून पुन्हा सोडायचं. एवढ्या पाण्यात जागा बदलणं स्वस्त नसतं. सामान आवरा, ड्रोग ओढून घ्या, लाटांवर आपटत दुसऱ्या टोकाला जा. दिवस आखूड, त्यातला मोठा तुकडा नुसत्या प्रवासात जातो. त्यामुळे दिवसभर डोक्यात एकच झगडा चालू राहतो: हलायचं की थांबायचं? हललो आणि इथलेच मासे खायला लागले तर? थांबलो आणि इथे मासेच नसले तर?

नदीवर असं होत नाही. नदी बोलते. वळण, डोह, खडकामागचं संथ पाणी, झाडाची वाकलेली फांदी, सगळं समोर दिसतं. जलाशयाचा पृष्ठभाग काहीही सांगत नाही. चारी बाजूंना सारखंच राखाडी पाणी. जे काही आहे ते खाली.

खालचं दाखवायला हल्ली फिश फाइंडर असतो. त्याने काम सोपं होतं असं लोकांना वाटतं, पण माझा अनुभव असा की त्रास वाढतो. पडद्यावर रोच नावाच्या लहान माशाच्या आणि पर्चच्या पिल्लांचे ढग दिसतात. थंडी वाढली की ही पिल्लं थवे करून खोल पाण्याकडे सरकतात. ढगाखाली तळाला चिकटून जाड कमानी दिसतात. ते झँडर असण्याची शक्यता फार. आपण नेमके त्यांच्या डोक्यावर, गळ त्यांच्या तोंडासमोर, पडद्यावर आपलाच रबरी मासा वर-खाली होताना दिसतोय. एखादी कमान थोडी वर येते, जवळ येते, आणि परत तळाला बसते. आंधळेपणाने गळ टाकत बसलं तर मनाला निदान समजूत घालता येते की इथे मासेच नसतील. इथे तीही सोय नाही.

यात आणखी एक गोष्ट येते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. झँडर आणि पर्च यांच्या पोटातली हवेची पिशवी बंद असते. पाईकची पिशवी घशाला जोडलेली असल्यामुळे वर येताना तो हवा सोडू शकतो. झँडरला ते जमत नाही. खूप खोलातून त्याला वर ओढला की दाब झपाट्याने कमी होतो, पिशवी फुगते, आणि तो परत खाली जाऊ शकत नाही. पाण्यावर पोट वर करून तरंगत राहतो आणि मरतो. म्हणून साधारण दहा मीटरच्या खाली असलेल्या झँडरवर गळ टाकायचा नाही, असा आम्हा दोघांचा नियम आहे, आणि जाणते लोक तो पाळतातच. आता विचार करा. दिवसभर काही लागलेलं नाही, दुपार कलली आहे, आणि पडद्यावर सोळा मीटरवर एकाशेजारी एक कमानी रचलेल्या दिसताहेत. रॉड हातात आहे. जोडीदार पडद्याकडे पाहतो, मी पाहतो, आणि तो काही न बोलता इंजिनची दोरी ओढतो. असल्या वेळी होडी तिथून हलवणं हे मला अख्ख्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम वाटतं. जो माणूस तिथे थांबून गळ सोडतो आणि वर आलेल्या माशाचा फोटो काढून तो ‘सोडून दिला’ म्हणून सांगतो, त्याचा मला मनापासून राग येतो.

शिवाय वेळ आड येते. झँडरच्या डोळ्यात उजेड परतवणारा एक थर असतो, म्हणून तर तो काचेसारखा दिसतो. गढूळ पाण्यात आणि संधिप्रकाशात त्याला जे दिसतं ते त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. साहजिकच सूर्य मावळताना तो शिकारीला निघतो. आणि नेमकं तेव्हाच अंधार पडायच्या आत होडी धक्क्याला लावायची असते. नियम रास्त आहे, नोव्हेंबरच्या पाण्यात रात्री पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. पण परतीच्या वाटेवर शेवटच्या अर्ध्या तासात सगळीकडे पिल्लं पाण्याबाहेर उड्या मारताना दिसतात, खालून कोणीतरी त्यांना हाकलत असतं, आणि आपण इंजिन चालू ठेवून धक्क्याकडे चाललेलो असतो.

हे सगळं सोसूनही हाती काही लागत नाही म्हटल्यावर लोक म्हणतात, अनुभव तर मिळाला ना. मला हे पटत नाही. ब्लँक दिवस फारसं काही शिकवत नाही. जागा चुकली, खोली चुकली, गळावरचा मासा चुकला, वेग चुकला, की सगळं बरोबर होतं आणि मासेच खात नव्हते? काही न लागण्याला इतकी कारणं असतात की त्यातलं एकही हाती धरता येत नाही. एक मासा लागला तर तेवढ्याने केवढं कळतं! तो किती मीटरवर होता, तळापासून किती वर होता, गळ पडताना धरला की थांबल्यावर, आणि तोंडाच्या कोपऱ्यात अडकला की नुसता ओठाला. एका माशाने दिवसाचा नकाशा तयार होतो. तो नसला तर संध्याकाळीही आपण सकाळी होतो तिथेच. वैताग येतो तो याचा. थंडीचा किंवा गेलेल्या पैशांचा मला एवढा येत नाही.

घरी आलो की बाबांचा भोरहून फोन असतो. तिकडे मध्यरात्र झालेली असते, पण ते जागे राहतात.

“काय रे, लागलं का काही?”

“नाही बाबा.”

मग ते चौकशी करतात, आणि ती अगदी मुद्द्याची असते. वारं कुठलं होतं? पाणी चढतंय का उतरतंय? ढग होते का? त्यांचं उभं आयुष्य भाटघरच्या काठावर गळ टाकण्यात गेलंय, मरळ आणि वांब यांच्यामागे. पाईकचं वर्णन ऐकून एकदा ते म्हणाले, “मरळीचं पोट भरलेलं असलं ना, तर बेडूक तिच्या नाकासमोर नाचवला तरी ती ढिम्म हलत नाही. तुमच्या त्या माशाला तिथे खायला काय घालतात?”

मी म्हणालो, “ट्राउट. हाताएवढे.”

“मग तो तुझा रबराचा तुकडा कशाला खाईल?”

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केलाय, आणि मला वाटतं सगळं त्यातच आहे. पाईक थंड रक्ताचा. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं. एखादा किलोभर वजनाचा ट्राउट गिळलेल्या मोठ्या मादीला पुढचे कित्येक दिवस खाण्याची गरज नसते. पाईकमध्ये माद्याच मोठ्या होतात. ती गवताच्या कडेला किंवा बुडालेल्या बांधाआड पडून राहते. छोट्या तळ्यात पाईकला चिमुकल्या माशांवर दिवस काढावे लागतात, म्हणून तो सतत भुकेला असतो, हलतं ते सगळं पकडायला धावतो, आणि म्हणूनच तिथे तो सहज लागतो. पण वाढत नाही. मोठ्या ट्राउट-जलाशयात एकेक घास मोठा, हालचाल थोडी, जागा अफाट. शरीर वाढतं ते त्यामुळेच. आणि दोन घासांमधलं अंतर वाढतं तेही त्यामुळेच. ज्या कारणाने इथे पंधरा-वीस किलोचा मासा तयार होतो, त्याच कारणाने तो दिवसचे दिवस तोंड उघडत नाही. यातलं एक हवं आणि दुसरं नको असं म्हणता येत नाही.

विक्रम पाहा. वेल्समधल्या लँडेगवेथ जलाशयात रॉय लुईस यांनी १९९२ मध्ये ४६ पौंड १३ औंसांचा, म्हणजे सव्वाएकवीस किलोच्या आसपासचा पाईक धरला. तो ब्रिटिश विक्रम तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लॉइड वॉटसन यांनी सॉमरसेटमधल्या च्यू व्हॅली लेकवर ४७ पौंड ५ औंसांचा धरून तो मोडला. दोन्ही पाणी साठवायचे जलाशय, दोन्हीकडे ट्राउट सोडलेले. च्यूवर पाईकसाठी जागा मिळवायला लोकांची झुंबड उडते. आणि तिथेही पुष्कळजण काहीच न लागता परततात.

मोठे पाईक जाळ्याने काढून टाकले तर काय होतं, तेही या पाण्यांनी दाखवलंय. मोठी मादी लहान पाईकही खाते. ती गेली की तिच्या धाकात असलेले लहान पाईक बेसुमार वाढतात. मग गळाला रोज काहीतरी लागतं, सगळे हाताएवढे. ट्राउटचं नुकसान कमी होतं असंही नाही, कारण शेकडो लहान तोंडं मिळून खायचं ते खातातच. काही गळ टाकणारे तक्रार करतात की रटलंडमध्ये मासेच नाहीत, काहीतरी केलं पाहिजे. मला ही मागणी धोक्याची वाटते. मासे आहेत. कमी आहेत, मोठे आहेत आणि त्यांचं पोट भरलेलं आहे. हे पाणी निरोगी असल्याचं लक्षण मानायला मी तयार आहे, मग मला काही लागो न लागो.

एकदा उथळ पाण्यात, ड्रिफ्ट संपत आली असताना, गळ होडीजवळ आला आणि त्याच्या मागे ती दिसली, पाईकची मादी. पृष्ठभागाखाली हातभर. हिरवट अंग, त्यावर फिक्या पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी, चपटं लांब तोंड, डोळे माझ्याकडे नाहीत, रबरी माशाकडे. मी रॉडचं टोक पाण्यात घालून होडीच्या कडेने इंग्रजी आठाच्या आकारात फिरवलं, तशी तीही वळली. पूर्ण अंग वळवताना तिची लांबी कळली. मग ती थांबली. छातीजवळचे पर तेवढे हलत होते. गळ तिच्या तोंडापासून वीतभर. जोडीदाराने श्वास धरलेला मला ऐकू येत होता. तिने तोंड किंचित उघडलं, मिटलं, आणि मागे न वळता, नुसती खाली खाली जात दिसेनाशी झाली. तिच्या पोटाचा फुगीर भाग मी नीट पाहिला होता. आत एक आख्खा ट्राउट असणार.

झँडरची दखल वेगळी असते. दिवसभर काही नाही म्हणून गळ वर घेतला तर रबरी माशाची शेपटी गायब, आणि अंगावर दोन बाजूंना सुळ्यांची बारीक भोकं, समोरासमोर. दोरीवर बोट होतं, तरी काही जाणवलं नव्हतं. तसा एक तुकडा मी डबीत ठेवलाय. त्यावरून मला निदान एवढं कळलं की तो साडेआठ मीटरवर होता, तळाला लागून, उतरत्या कडेवर, आणि मागून आला. झँडरचा घसा पाईकएवढा रुंद नसतो, तो बारीक, निमुळतं भक्ष्य पसंत करतो. माझा रबरी मासा त्याला जाड वाटला असावा. म्हणजे पडद्यावरच्या कमानींनी दिवसभरात सांगितलं नाही ते त्या फाटलेल्या तुकड्याने सांगितलं.

तर येत्या ऑक्टोबरसाठी आम्ही दोघांनी असं ठरवलंय. पाण्याची खोली ठरवून घ्यायची, सहा ते नऊ मीटर, त्याच्या खाली जायचंच नाही. रबरी मासाही एकच ठेवायचा, करंगळीएवढा बारीक, दिवसभर बदलायचा नाही. वेग ड्रोगने सांभाळायचा. बदलायची ती फक्त जागा: नॉर्थ आर्मच्या कडेकडेने, हॅम्बल्टनच्या टोकापर्यंत, बुडालेल्या बांधांच्या रेषेवरून. म्हणजे काही लागलं नाही तर निदान कुठे नाही हे तरी कळेल. होडी सांगून ठेवलीय. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, बेत चांगला आहे, पण पाणी उतरतंय का चढतंय ते निघायच्या आदल्या दिवशी विचारून घे.